पॉलिशचा वास

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद. हाताला सवय आहे म्हणून लिहिला, लगेच हुरळून जाऊ नकोस.

तुझा पत्ता लाकूडवाल्याने दिला. तिकडे कुठल्याशा हॉटेलच्या खुर्च्या घासताना त्याने तुला पाहिलं म्हणे. "बरा दिसला," म्हणाला. तो ओल्या फळीलाही बरी म्हणतो, त्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नाही. तुझ्याकडे फोन टिकत नाही, म्हणून हे पत्र. तुला घराबाहेर काढलं त्याला सहा वर्षं होत आली. त्याची माफी मागायला मी लिहीत नाहीये. पुन्हा पिऊन दारात आलास तर पुन्हा काढीन.

काम आहे म्हणून लिहिते. वकीलबाईंचं जेवणाचं टेबल पॉलिशला आलंय. लाखेचा हात मारला की ओलं असेपर्यंत आरसा, आणि वाळलं की पांढरट, धुरकट. तू असलं टेबल कापडाच्या पुरचुंडीवर किंचित स्पिरिट घेऊन नुसता हात फिरवून साफ करायचास. किती घ्यायचास, आणि लाकडाच्या रेषेबरोबर फिरवायचास की गोल, एवढं कळव. बाकी काही कळवू नकोस.

भिंगरी बरी आहे. तुझी मुलगी आहे म्हणून सांगते, नाहीतर तुला विचारायचं तरी कुठे सुचतंय. सोळाची झाली. मला उंचीत मागे टाकलं, केस कापून मानेपर्यंत आणले, आणि मी बोलायला लागले की डोळे असे फिरवते की थोबाडीत द्यावीशी वाटते. पण एक चांगलं झालंय. शाळेतून आली की आपण होऊन खाली दुकानात येते. मी न सांगता पॉलिश पेपर घेऊन खुर्चीचे पाय घासत बसते आणि अंगाला पॉलिशचा वास घेऊनच वर घरात जाते. तिला धंद्याची गोडी लागली म्हणून मी आतून सुखावते. तोंडावर बोलत नाही, शेफारेल.

झोप तेवढी वाढलीय. सकाळी हाका मारून माझा घसा बसतो. वयच तसं आहे.

टेबलाचं कळव.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. टेबल मीच माझ्या पद्धतीने उरकलं. धुरकटपणा गेला नाही. वकीलबाईंनी काही न बोलता त्यावर कापड अंथरलं आणि वर माझे आभार मानले. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रातही तेच लिहायचं होतं बहुतेक, पण मलाच माहीत नव्हतं.

परवा शाळेतून बोलावणं आलं. भिंगरीला वर्गात उलट्या झाल्या होत्या. तिच्या वर्गाची बाई म्हणजे नुकतीच लागलेली पोरगी, बोलते इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं. मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, "तुम्ही रागावू नका, पण तिच्या तोंडाला दारूचा वास येतोय."

मी रागावलेच. म्हटलं, "अहो बाई, आमचं पॉलिशचं दुकान आहे. लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. आमच्या चादरींना तोच वास, उशांना तोच वास. उद्या मलाही दारुडी म्हणाल!" पलीकडे वह्या तपासणाऱ्या सरांनी मान वर केली. मला आणखी चेव आला. "आमच्या घरात त्या गोष्टीला थारा नाही. त्यापायी मी सख्खा भाऊ घराबाहेर काढलाय," असंही बोलून बसले. सगळ्या शिक्षकांपुढे स्वतःच्या हाताने घरची लक्तरं वेशीवर टांगली.

बाई माझं संपेपर्यंत थांबली. मग टेबलाच्या खणातून भिंगरीची पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्या हातात दिली.

लाखेच्या पॉलिशचा वास कोरडा असतो, सरळ नाकात वर चढतो. हा गोडसर होता, घशात उतरणारा. हा तुझ्या शर्टाचा वास होता, धाकट्या.

घरी येताना ती माझ्या मागून चालत होती. मासळीच्या गाड्यांपाशी मी वळून पाहिलं तर दप्तर छातीशी धरून चाललेली, अगदी पहिलीतली पोर. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती दुकानात पॉलिश शिकायला येत नव्हती. तो वास अंगाला लावून घ्यायला येत होती, म्हणजे मला दुसरा कळू नये. आणि मी, जन्म या धंद्यात काढलेली बाई, बघून खूश होत होते.

तुला लिहायचं कारण असं की मला काही सुचत नाही. तुला बाहेर काढता आलं. हिला कुठे काढू?

ताई


१५ मार्च

धाकट्या,

पत्रं मिळतात की नाही? नसतील मिळत तर बरंच. रिकाम्या विहिरीत बोलल्यासारखं मनमोकळं लिहिता येतं.

भिंगरी बोलली. मी आधी दोन लगावल्या, मग रडले, मग तीच मला पाणी घेऊन आली. दुकानात एक अर्धी घासलेली खाट आहे, तिच्यावर दोघी बसलो. मी विचारलं, "का गं? काय कमी केलं मी तुला?"

"तुझं काही नाही गं, आत्या," ती म्हणाली. "पहिल्यांदा घेतली तेव्हा सगळ्यांनी तोंडं वेडीवाकडी केली. माझ्या त्या उंच मैत्रिणीने तर थुंकूनच टाकली. मला मात्र वाटलं, अरे, हा तर बाबाचा वास आहे."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"तू म्हणायचीस ना, पॉलिशचा आहे म्हणून."

म्हणायचे. आठवतंय ना तुला? भिंगरीची आई गेल्यानंतरची गोष्ट. तू झुलत दारात यायचास, ती धावत जाऊन तुझ्या पायांना मिठी मारायची आणि तू तिच्या डोक्यावरून मला खूण करायचास. मी म्हणायचे, "बाबाला पॉलिशचा वास येतोय बघ, दमलाय तो, निजू दे त्याला." तरी ती तुझ्या कुशीत शिरून निजायचीच. पुढे आपला तो शब्दच होऊन गेला. मी विचारायचे, "आज किती हात मारलेत?" आणि तू बोटं दाखवायचास. एक हात, दोन हात. हसायचो की आपण! पोरीला कळू नये म्हणून हे सगळं, आणि पोरीने नेमकं तेच मनात जपून ठेवलं.

म्हटलं, "वासासाठी पितेस होय?"

"छे," ती म्हणाली. "ते पहिल्यांदा. नंतर सगळेच घ्यायला लागले, त्या बंद पडलेल्या सिनेमाच्या मागे. नाही म्हटलं की बाळ म्हणून चिडवायचे. आता कुणी चिडवतही नाही. आता मीच त्यांच्या आधी जाऊन बसते." मग बराच वेळ खाटेचा कोपरा नखाने खरवडत राहिली. "नाही घेतली की डोकं भणभणतं. वाचलेलं राहत नाही. घेतली की मग तर काहीच राहत नाही. परवा कुणीतरी सांगितलं की मी बाईंच्या स्कूटरवर चढून गात होते. मला आठवतच नाही, आत्या. अख्खी दुपार गेली कुठे?"

तिने शपथ घेतली, पुन्हा शिवणार नाही म्हणून. तुझ्या डझनभर शपथा मी ऐकल्यात, तिची शपथ घ्यायची ढबसुद्धा तुझीच होती, हनुवटी वर करून. तरी मी विश्वास ठेवला. दुसरं काय करणार होते?

ताई


२ एप्रिल

भिंगरी जिवंत आहे. आधी ते लिहिते.

काल परीक्षा संपली. भर दुपारी सगळे त्या सिनेमाच्या मागच्या भिंतीवर चढून बसले होते. हिच्या पोटात काही नव्हतं, आणि सुट्टी लागली म्हणून बाटली तोंडाला लावून कोण जास्त पितं याची पैज लागली. ही जिंकली. तुझीच लेक. जिंकून मागच्या मागे पडली, डोक्याचा मागचा भाग सिमेंटवर.

पोरं आधी हसली. मग ती उठेना म्हणून तोंडावर पाणी मारलं. मग डोक्याखाली दप्तर ठेवून तिला पाठीवर सरळ निजवलं. "झोपू दे, उतरेल." हे मला तिच्या त्या उंच मैत्रिणीने सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून, हुंदके देत. वाईट नाही ती पोरगी, लहानपणी माझ्या हातून जेवलीय. म्हणाली, "घरी कळलं असतं ना, मावशी, म्हणून आम्ही कुणाला बोलावलं नाही." चाव्या करणाऱ्याने पलीकडून पाहिलं नसतं तर ती पोरं ऊन उतरेपर्यंत तिच्या कडेला राखण करत बसली असती.

डॉक्टर माझ्यावर चिडले, मी सापडले म्हणून. दारू जास्त झालेलं माणूस कधी झोपवून सोडायचं नसतं, म्हणाले, कुशीवर वळवायचं आणि धावत आणायचं. पाठीवर असताना उलटी घशात अडकली असती तर मला बोलवायचं कारणच उरलं नसतं. मी मान हलवत राहिले. तू किती वेळा पाठीवर घोरत पडलेला असायचास आणि मी वरून चादर घालून दिवा मालवायचे, ते आठवत होतं.

डोक्याला आतून मार आहे. अजून नीट ओळख देत नाही. माझ्याकडे बघून "बाबा" म्हणाली.

ताई


८ मे

धाकट्या,

भिंगरीला घरी आणलं. चालते, बोलते, भांडते. डोकं दुखतं, शब्द अडतात. "खुर्ची" म्हणायचं असतं आणि "ते बसायचं" म्हणते. येईल म्हणतात हळूहळू. या वयात मेंदूची घडण अजून चाललेली असते, त्यात ही दारू आणि त्यावर हा मार. डॉक्टर बरंच समजावत होते. मला कळलं ते एवढंच, की पहिला हात वाळला नसताना त्यावर ओरखडा पडला.

एक गोष्ट मात्र परत येईल असं कुणी म्हणत नाही. तिला वास येत नाही. कसलाच नाही. दूध करपलं तरी शेजारी उभी राहून माझ्याशी बोलत होती. चवही त्याच्याबरोबर गेल्यासारखीच, जेवताना नुसती चावत राहते.

परवा मी दुकानात गेले तर ती माझी पुरचुंडी नाकाशी दाबून बसली होती. ओली, लाखेने भरलेली. नाकाला, ओठाला सगळं तांबूस लागलेलं. म्हटलं, "काय करतेस गं?"

"आठवतो का बघतेय," म्हणाली.

मी तिचं तोंड पुसलं. त्या दिवसापासून स्पिरिटचा डबा कुलपात ठेवते. तिला आता पाण्यातला आणि त्यातला फरक पहिल्या घोटाला कळायचा नाही. ते पोटात गेलं की डोळे जातात, माणूसही जातो, हे मी तुला सांगायला नको.

कारण ती अजून पिते, धाकट्या. एवढं होऊन. तिच्या खोलीतल्या सोफ्याची पाठ उसवली तर आत स्प्रिंगांमध्ये बाटली. मी ती तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं होतं कांगावा करील. ती नुसती बघत राहिली. म्हणाली, "आता कडूसुद्धा लागत नाही गं. कळतच नाही किती झाली ते." म्हणजे आता थांबवणारी तेवढी कडू चवही गेली. पुन्हा असं झालं तर वाचेलच असं धरून चालू नका, असं डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलंय.

मग तिने विचारलं, "बाबाची सुटली असेल का?"

म्हटलं, "मला काय ठाऊक?"

"त्याची सुटली असेल तर माझीही सुटेल. तो तर माझ्याहून किती जास्त प्यायचा. आणि त्याची नसेल सुटली, तर मग माझं तरी काय जमणार." अगदी शांतपणे बोलली. हिशोब सोपा होता तिच्या दृष्टीने. मी म्हटलं, मोठ्यांच्या सुटण्या-न सुटण्यावर स्वतःचा जीव टांगू नये. तिने डोळे फिरवले. कितीतरी दिवसांनी फिरवले, मला आनंद झाला.

म्हणून एक ओळ लिही. बाकी सगळं राहू दे, भांडण, मी काढलं ते, तू दारूपायी घरातलं विकलंस ते. सुटली असेल तर "सुटली" एवढंच लिही, तुझ्या हाताने, तिला वाचता येईल असं. नसेल सुटली तर काही लिहू नकोस. गप्प राहायला तुला चांगलं जमतं.

मी कधी तुझ्यापुढे हात पसरले नव्हते.

ताई


३० मे

धाकट्या,

तुझं पत्र आलं.

पोस्टमनकडून भिंगरीनेच घेतलं आणि जिन्यातच फोडलं. मी खाली एका कपाटाचं दार घासत होते. वरून किंकाळी आली तेव्हा माझ्या हातातून पॉलिश पेपर पडला. धावले तर ती पायरीवर बसून हसत होती. मोठ्याने वाचून दाखवलं. "ताई, सुटली. वर्ष होत आलं. भिंगरीला सांग, जमतं. पुढच्या महिन्यात येतो. टेबलाला पुरचुंडीवर नखभर स्पिरिट, हात गोल फिरव, थांबू नकोस." शब्द न अडता वाचलं, सगळं एका दमात. तुझं अक्षर किती वाकडं झालंय. ती म्हणाली, "घाईत लिहिलंय." मी म्हटलं, "हो."

कागदाच्या खालच्या कोपऱ्याला गोल डाग होता, तपकिरी, थोडा चिकट. "चहाचा कप ठेवलाय बघ वेंधळ्याने," असं म्हणून ती पुन्हा हसली. मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. तिने कागद स्वतःच्या नाकाला लावला, जोरात श्वास घेतला, आणि चेहरा पडला. कागद माझ्यापुढे धरला. "आत्या, तू घे ना वास. तुझं नाक चुकत नाही. कसला येतोय?"

मी घेतला.

गोडसर होता. घशात उतरणारा.

ती माझ्याकडे बघत होती. असं बघत होती की त्या क्षणी मी काय म्हणते त्यावर सगळं होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं, मलाही. पुन्हा एकदा तू दारात उभा आहेस आणि तिच्या डोक्यावरून मला खूण करतोयस असं वाटलं.

"चहाचा," मी म्हटलं. "साखर जास्त घातलेल्या."

ती उठली, वर गेली. न्हाणीघरातल्या फरशीखालून एक बाटली काढली, मला सापडली नव्हती ती. मोरीत उलटी धरली, रिकामी होईपर्यंत धरून राहिली. वास जिन्यापर्यंत आला. तिला नाही आला. मग फरशीवर बसून रडली, मी तिला धरलं, ती म्हणत होती, "बाबाला जमलं, आत्या, बाबाला जमलं." मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते आणि मनातून तुला इतक्या शिव्या देत होते की तिकडे तुला उचकी लागली असेल.

तेव्हापासून घेतलेली नाही. हात कापतात, चिडते, रात्री उठून माझ्या अंथरुणात येऊन पडते. डॉक्टरांकडे आपण होऊन चल म्हणाली, औषध चालू आहे. तुझं पत्र उशीखाली आहे. डाग असलेला कोपरा ती अंगठ्याने चोळत असते. एक दिवस कुणीतरी दुसरं माणूस तो कागद हातात घेईल आणि नाक मुरडील, या भीतीने मी घरात कुणाला येऊ देत नाही.

तू का लिहिलंस ते कळलं मला. मी तर तुला वाट दाखवली होती, काही लिहू नकोस म्हणून. तुला तिला वाचवायचं असणार. मलाही तेच हवं होतं. आपण दोघं मिळून पुन्हा तेच करून बसलो.

आता एकच उरलंय. पुढच्या महिन्यात येतो म्हणालायस. ती रोज विचारते. तोवर लिहिलंस ते खरं कर. कसं करायचं मला माहीत नाही, मला कधी माहीत नव्हतं. हॉटेलच्या खुर्च्या सोड, दवाखान्यात जा, कुणाच्या पाया पड, पण खरं कर. तू तसाच आलास तर ती जिन्यावरून धावत येऊन तुला मिठी मारील, तुझ्या शर्टात तोंड खुपसून खोल श्वास घेईल, आणि तिला काही कळणार नाही. मला कळेल.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, पिऊन दारात आलास तर पुन्हा काढीन. आता तेही माझ्या हातात राहिलं नाही. काढलं तर तिला कारण सांगावं लागेल.

ताई